प्रश्न तुमचे : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही मूळ संख्या आहे का?

मागच्या अंकात सदराच्या शेवटी मी एक संख्या छापली होती : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला की ही मिळते. ती मूळ आहे की संयुक्त, एवढंच विचारलं होतं. उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पत्रं निवांत वाचता येतील. संख्या संयुक्त आहे. तिचे मूळ अवयव दोनच : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. आता पत्रं.

प्रश्न : तुमची संख्या मी स्प्रेडशीटमध्ये काढून पाहिली. तिथे ती १४७५७३९५२५८९६७६०००००० अशी दिसते. शेवटी सहा शून्यं, म्हणजे तिला १० लाखांनी भाग जातो. मग मूळ असण्याचा प्रश्नच कुठे येतो? की छपाईत चूक झाली?

उत्तर : छपाई बरोबर आहे. ती सहा शून्यं स्प्रेडशीटने घातलेली आहेत. ते पहिले १५ अंक दाखवतं आणि उरलेल्या जागा शून्यांनी भरून टाकतं. आपली संख्या २१ अंकी, म्हणून शेवटचे सहा अंक, ४१२९२७, गेले. हिशेबाच्या कामात एवढ्याने बिघडत नाही, पण भाग जातो की नाही हे ठरवताना शेवटचा अंकच गेला तर हाती काही उरत नाही. मोठे पूर्णांक जसेच्या तसे हवे असतील तर पायथॉनसारखी भाषा वापरा. तिच्यात पूर्णांक लांबला म्हणून कापला जात नाही.

पण यंत्राशिवायही तुम्हाला शंका यायला हवी होती. २ चा कुठलाही घात सम असतो, त्यातून १ काढला की विषम. विषम संख्येच्या शेवटी शून्य कसं येईल? आणखी पुढे जाता येतं. २ च्या घातांचे एकक अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. ६७ ला ४ ने भागलं की बाकी ३, म्हणून एकक अंक ८, आणि १ वजा केल्यावर ७. शेवटचे दोन अंक हवे असतील तर ते दर २० घातांनी फिरून तेच येतात. ६७ मधून ६० गेले, ७ उरले, आणि २ चा ७ वा घात १२८. म्हणून २८, आणि १ वजा केल्यावर २७. छापलेल्या संख्येच्या शेवटी २७ च आहे. २१ अंकांची संख्या हातात नसतानाही तिचं शेपूट असं तोंडी सांगता येतं. यंत्राच्या पडद्यावर विश्वास टाकण्याआधी एवढं करून पाहत जा, ही माझी मनापासूनची विनंती.

प्रश्न : मी १००० च्या आतल्या सगळ्या, म्हणजे १६८ मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिला. एकानेही गेला नाही. दोन आठवडे लागले. अजून किती पुढे जायचं?

उत्तर : तुमची वही मी पाहिली. भागाकार स्वच्छ आहेत आणि बाक्या मी अधूनमधून पडताळल्या, त्या बरोबर आहेत. त्यामुळे पुढचं सांगताना मला वाईट वाटतंय : या १६८ पैकी एकाही भागाकाराची गरज नव्हती.

नेहमीच्या रीतीने जायचं तर वर्गमुळापर्यंत जावं लागतं. या संख्येचं वर्गमूळ सुमारे १,२१४ कोटी ८० लाख. तिथवर हाताने कोणी पोचणार नाही. पण या संख्येला भाग कुठली मूळ संख्या लावू शकेल यावर कडक बंधनं आहेत, आणि ती समजून घेण्यासारखी आहेत.

समजा 'म' या मूळ संख्येने आपल्या संख्येला भाग जातो. २ चे घात क्रमाने घ्या, प्रत्येकाला 'म' ने भागा आणि फक्त बाकी लिहीत चला. कधीतरी बाकी १ येते आणि मग पुन्हा पहिल्यापासून तेच चक्र. ६७ व्या घाताला बाकी १ आहे, हे तर आपण गृहीतच धरलं आहे. म्हणजे चक्राच्या लांबीने ६७ ला भाग गेला पाहिजे. ६७ मूळ, म्हणून चक्राची लांबी ६७ च (१ असू शकत नाही, कारण २ ला 'म' ने भागून बाकी १ उरणार नाही). दुसरीकडे, फर्मा यांच्या सुप्रसिद्ध प्रमेयानुसार (म – १) व्या घातालाही बाकी १ च येते. म्हणून (म – १) ला ६७ ने भाग गेला पाहिजे. 'म' विषम, म्हणून (म – १) सम. दोन्ही एकत्र केलं की (म – १) ला १३४ ने भाग जातो. म्हणजे 'म' ही १३४ ची कुठलीतरी पट अधिक १ अशीच असली पाहिजे.

दुसरं बंधन : घातांक विषम असला की असा अवयव ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. याची सिद्धता इथे मावणार नाही. पण दोन्ही बंधनं एकत्र लावून बघा काय उरतं. १३५ ला ५ ने भाग जातो. २६९ आणि ४०३ ला ८ ने भागलं की बाकी ५ आणि ३, म्हणून ते बाद. ५३७ ला ३ ने भाग जातो, ६७१ म्हणजे ११ × ६१. ८०५ आणि ९३९ पुन्हा बाकीने बाद. १००० संपले आणि एकही उमेदवार उभा राहिला नाही. १०७३ म्हणजे २९ × ३७, १२०७ म्हणजे १७ × ७१, त्यापुढचे दोन बाकीने बाद. पहिला खरा उमेदवार १६०९.

तुमचे दोन आठवडे वाचून मला माझी अकरावीची वही आठवली. २ चा २९ वा घात वजा १, म्हणजे ५३,६८,७०,९११, फोडायला मी बसले होते. ३, ७, ११, १३ असं करत एकेक मूळ संख्या. २३३ ला वजाबाकीत एक हातचा राहिला, बाकी उरल्यासारखी दिसली, पुढे गेले. नंतर शंभरावर भागाकार झाले तेव्हा ११०३ ने भाग गेला. भागाकार आला ४,८६,७३७, आणि त्याला २३३ ने भाग जातो हे दिसलं तेव्हा मी मागची पानं उलटून तो हातचा शोधून काढला. पूर्ण उत्तर २३३ × ११०३ × २०८९. वरचा नियम तेव्हा माहीत असता तर ५८ च्या पटी अधिक १ एवढ्याच पाहिल्या असत्या, आणि ८ च्या बाकीची चाळणी लावल्यावर पहिलाच खरा उमेदवार २३३ निघतो.

आणि भाग देण्यासाठी नऊ अंकी संख्या लिहायचीही गरज नाही, हे मला त्याहून उशिरा कळलं. २३३ पुरतं करून दाखवते. २ चा ८ वा घात २५६, त्यातून २३३ गेले, बाकी २३. सोळाव्या घातासाठी या बाकीचा वर्ग : ५२९, त्यातून ४६६ गेले, बाकी ६३. चोविसाव्या घातासाठी ६३ × २३ = १४४९, त्यातून १३९८ गेले, बाकी ५१. आता आणखी पाच घात, म्हणजे ३२ ने गुणायचं : ५१ × ३२ = १६३२. आणि २३३ × ७ = १६३१. बाकी १. झालं. २९ व्या घाताला बाकी १, त्यातून १ वजा केला की शून्य, म्हणजे २३३ ने नि:शेष भाग. चार ओळी, आणि एकही संख्या चार अंकांपलीकडे गेली नाही. संख्या कितीही मोठी असो, आपण हातात फक्त बाकी धरायची.

तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर : १९३७०७७२१ म्हणजे १३४ ची १४,४५,५८० वी पट अधिक १. ८ च्या बाकीची चाळणी लावली तर निम्म्या पटी जातात आणि आपला अवयव रांगेत ७,२२,७९० वा येतो. वहीवर हे होणार नाही. पण चार ओळींचा आज्ञावलीचा तुकडा लिहिलात तर यंत्र चटकन तिथे पोचेल.

प्रश्न : ल्युका या गणितज्ञाने ही संख्या संयुक्त असल्याचं १८७६ मध्ये सिद्ध केलं आणि अवयव सापडले १९०३ मध्ये, असं वाचलं. अवयव हातात नसताना ती संयुक्त आहे हे त्याला कसं कळलं? अंदाज होता का?

उत्तर : अंदाज नव्हता, पूर्ण सिद्धता होती. तुमचा प्रश्न मला या महिन्यातला सगळ्यात आवडला. शाळेत आपण संयुक्त म्हणजे 'अवयव पाडून दाखवता येते ती' असं शिकतो आणि त्यामुळे या दोन गोष्टी एकच वाटतात. त्या एक नाहीत.

थोडी पार्श्वभूमी. मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये यादी दिली : २ चा अमुक घात वजा १ ही मूळ संख्या व्हायची असेल, तर २५७ पर्यंत घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढेच. यात ६७ आणि २५७ चुकीचे, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले. पण हे ठरायला अडीचशेच्या वर वर्षं गेली, कारण पडताळणार कसं? ल्युका यांनी वेगळीच वाट काढली आणि पुढे लेमर यांनी ती सुटसुटीत केली. आज ती अशी सांगतात : ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा, पुन्हा बाकी. हे घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा करा. शेवटी ० आलं तर संख्या मूळ, दुसरं काहीही आलं तर संयुक्त.

१२७ घ्या, म्हणजे २ चा ७ वा घात वजा १. पाच पायऱ्या. ४ वरून १४. १४ वरून १९४, बाकी ६७. ६७ वरून ४४८७, बाकी ४२. ४२ वरून १७६२, बाकी १११. १११ वरून १२३१९, आणि १२७ × ९७ = १२३१९. बाकी ०. म्हणून १२७ मूळ. आता २०४७ घ्या, २ चा ११ वा घात वजा १. नऊ पायऱ्या : १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य आलं नाही, म्हणून २०४७ संयुक्त. या नऊ आकड्यांत तिचे अवयव, २३ आणि ८९, कुठे दिसतात का? शोधून पाहा. नाहीत. संख्या मूळ नाही एवढंच या रीतीने कळतं, कशामुळे नाही ते कळत नाही.

ही दरी आजही आहे. २ चा १२७७ वा घात वजा १, ही ३८५ अंकी संख्या संयुक्त असल्याचं ठाऊक आहे, पण तिचा एकही मूळ अवयव अजून हाती आलेला नाही. उलट २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १, ही ४,१०,२४,३२० अंकांची संख्या मूळ असल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं आणि ते याच कसोटीने पक्कं केलं गेलं. चार कोटी अंकांचा निर्णय लागतो आणि ३८५ अंकांचे अवयव पडत नाहीत! संगणकावरचे व्यवहार गुप्त ठेवायच्या आरएसए पद्धतीचा आधारच हा आहे : दोन मोठ्या मूळ संख्या शोधणं आणि गुणणं सोपं, गुणाकारावरून त्या परत काढणं अवघड. आव्हान म्हणून दिलेली आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या फेब्रुवारी २०२० मध्ये फोडली गेली, तीही पुष्कळ संगणक एकत्र लावून.

प्रश्न : मी नववीत आहे. बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दुप्पट दाणे ठेवले तर एकूण १८४४६७४४०७३७०९५५१६१५ होतात. ही संख्या तुमच्या संख्येएवढीच मोठी आहे. हिचे अवयवही असेच अवघड आहेत का?

उत्तर : नाही, आणि ते तू स्वतःच काढू शकशील. ही २ चा ६४ वा घात वजा १ आहे. ६४ ला २ ने भाग जात राहतो, म्हणून वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र पुन्हा पुन्हा लाव. संख्या अशी सुटते : ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७. शेवटची सोडून बाकी सगळ्या मूळ आहेत. शेवटचीही मूळच असावी असं फर्मा यांना वाटत होतं. १७३२ मध्ये ऑयलर यांनी दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो : ६४१ × ६७००४१७.

६४१ चं कारण फार देखणं आहे. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. पहिल्यावरून, ५ × १२८ ला ६४१ ने भागलं की बाकी –१. त्याचा चौथा घात घे : ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी –१६ चालेल. १६ म्हणजे २ चा ४ था घात, तेव्हा उणे २ चा ३२ वा घात, बाकी १. म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, बाकी ०. एकदा वहीत लिहून काढ, वाचून कळण्यापेक्षा लिहून जास्त कळेल. तर दाण्यांच्या संख्येला सात मूळ अवयव आणि १२८ विभाजक आहेत, माझ्या संख्येला दोन मूळ अवयव आणि चारच विभाजक. घातांक फक्त तीनने वेगळा. अवघडपणा अंकांच्या लांबीवर ठरत नाही, घातांक कसा फुटतो त्यावर पुष्कळ काही ठरतं.

प्रश्न : हे अवयव बरोबर आहेत यावर मी नुसता विश्वास ठेवायचा का? हाताने पडताळायचं असेल तर?

उत्तर : विश्वास मुळीच ठेवू नका. फ्रँक नेल्सन कोल यांनीही कोणाला ठेवायला लावला नाही. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत ते फळ्यापाशी गेले, २ चा ६७ वा घात हाताने काढून १ वजा केला, मग बाजूला या दोन संख्यांचा गुणाकार पूर्ण मांडला. दोन्ही उत्तरं सारखी. एक शब्द न बोलता ते जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्या वाजवल्या, असं सांगतात. किती दिवस लागले असं विचारल्यावर 'तीन वर्षांचे रविवार' असं त्यांनी उत्तर दिल्याचंही सांगितलं जातं.

गुणाकार तुम्हाला एका बैठकीत होईल. चौकटींचा कागद घ्या, एका चौकटीत एक अंक. ७६१८३८२५७२८७ खाली १९३७०७७२१ मांडा. गुणकात ७ तीनदा आहे आणि एक शून्य आहे, त्यामुळे खरे गुणाकार चारच. आधी ते बाजूला करून ठेवा : दुप्पट १५२३६७६५१४५७४, तिप्पट २२८५५१४७७१८६१, सातपट ५३३२८६७८०१००९, नऊपट ६८५६५४४३१५५८३. मग ओळी उतरवून बेरीज.

शेवटी ताळे पाहा. नवाचा ताळा : १९३७०७७२१ च्या अंकांची बेरीज ३७, मग १०, मग १. दुसऱ्याची ६४, तीही १. उत्तराची १०९, तीही १. एक गुणिले एक, एक. जुळलं. पण एवढ्यावर थांबू नका. शेजारचे दोन अंक उलटे पडले किंवा एखादी ओळ एक घर सरकली, तर नवाच्या ताळ्याला ते कळत नाही. म्हणून अकराचा ताळाही घ्या : उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा, असं शेवटपर्यंत. पहिल्या संख्येचे येतात –१३, त्यात २२ मिळवून ९. दुसरीचे ८. ९ × ८ = ७२, त्यातून ६६ गेले, ६. उत्तराचे येतात १७, त्यातून ११ गेले, ६. जुळलं.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा माझं उत्तर २० अंकी आलं होतं. नवाचा ताळा नीट जुळत होता आणि अकराच्या ताळ्यात ६ च्या जागी ० येत होता. खालून वर शोधत गेले तर पाचवी ओळ सापडली : गुणकातल्या शून्याची ओळ मी गाळली होती आणि त्यापुढच्या चारही ओळी एकेक घर उजवीकडे आल्या होत्या. तुम्ही ती शून्यांची ओळ पूर्ण लिहा, सगळ्या बारा चौकटी भरून.